मकसूदची तिसरी घोडी

नातीसाठी घोडी बघायला आश्रुबा मकसूदच्या दारात गेले, तेव्हा त्यांची बायको केसरबाई जाऊन चार महिने झाले होते. नात स्वप्ना सात वर्षांची, पाय आखडलेले. ते रोज चोळायची केसरबाई. ती गेली आणि पोरीचे पाय पुन्हा लाकडासारखे झाले. बीडच्या व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, "घोड्याच्या चालीनं अंग सैल होतं. पण जनावर शांत पाहिजे. आधी मोठ्या माणसानं बसून डुलायचं, ओरडायचं, आयाळ ओढायची. बिचकलं तर पोरीला बसवू नका."

मकसूदकडं तीन जनावरं, सगळी वरातीची. पहिला घोडा ताट पडल्यावर भिंतीवर चढायला निघाला. दुसऱ्यानं आश्रुबांचा खांदाच धरला.

"ह्यो चावतो का बे?"

"नवरदेवाला न्हाई चावत, काका."

तिसरी रानी. तिच्या कानाशी मकसूदनं डबा बडवला, तरी ती कडबा चघळत राहिली.

लाल झूल काढायची राहून गेली आणि आश्रुबा तसेच वर बसले. रानी फाटकातून निघाली ती थेट मारुतीच्या देवळाकडं. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडतो. आठ वर्षं पाठीवर बसलेला प्रत्येक माणूस तिनं तिथंच नेला होता.

आश्रुबा सांगितल्याप्रमाणे डुलले, ओरडले.

"पिऊन निघाला जनू नवरदेव," सलूनमधून कोणीतरी म्हणालं. "वरीसबी झालं न्हाई बायकोला."

देवळापाशी रानी थांबली ती हलेना. पारावर केसरबाईचा भाऊ सुंदरराव बसला होता. त्यानं येऊन लगाम धरला.

"दाजी, आसं कावून केलं? अक्काची राख तर थंड व्हऊ द्यायची."

"आरं, नातीसाठी बघतोय."

"सगळे नातवंडांचंच नाव सांगत्यात. कुटली हाय ती बाई?" त्यानं लगामाला हिसके दिले, झुलीवर काठी आपटली. रानीनं कानही हलवला नाही.

"घोडी बघतोय, सुंदर. स्वप्नाच्या पायासाठी. केसर चोळायची तवा पोरगी हसायची. माझ्या हातानं रडती."

चार महिने त्यांनी लोकांसमोर डोळा ओला केला नव्हता. आता ते आयाळीत तोंड घालून रडू लागले, सगळं वजन एका अंगावर टाकून. रानी पाय रोवून उभी राहिली. सुंदररावनं काठी टाकली आणि दाजी पडू नयेत म्हणून त्यांच्या मांडीला खांदा लावला.

मकसूद धापा टाकत आला. "काका, उतरा. पाया पडल्याबिगर ती फिरत न्हाई."

"त्यास्नी न्हाई जमायचं आत्ता. तू धर, मी पडतो." सुंदररावनं पायरीवर डोकं टेकलं. रानी मुकाट्यानं वळली.

"हीच, मकसूद," आश्रुबा फडक्यानं तोंड पुसत म्हणाले. "उद्या पोरीला आनतो."

"मी येतो धरायला," म्हणत सुंदररावनं लगाम हातात घेतला.

रडून डोळे सुजलेले आश्रुबा वर, लगाम ओढत मेहुणा पुढं. वाटेवरच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या विमलबाईंना गलबलून आलं.

"बगा की," त्या शेजारणीला म्हणाल्या, "त्याच्या मनात न्हाई. मेव्हनाच बळंबळं बोहल्यावर चढवायलाय."