गोदूआत्या वर गेली!

"दहा वाजले नाही, की या माणसाले बाल्कनी लागते! काहून, तं घरात रेंज नाही म्हणे. अन् मी याच घरातून दोन-दोन तास माहेरी बोलून राहिली, ते काय कबुतराच्या पायाले चिठ्ठी बांधून?"

यामिनीबाई हे कढईला सांगत होत्या. पण रायपूरच्या तेलीबांध्यातल्या त्या फ्लॅटच्या भिंती पापडाच्या. बाल्कनीतल्या चारुदत्तरावांना शब्द न् शब्द ऐकू आला, आणि त्यांनी तो ऐकला नाही. पस्तीस वर्षं रेल्वेच्या चौकशी खिडकीवर बसलेला माणूस. न ऐकण्याचा सराव दांडगा!

शिवाय आज ते खुशीत होते. "शिशिर," फोनवर बीरगावच्या मित्राला ते दबक्या आवाजात म्हणाले, "आतापर्यंत आपण अंदाजानं खेळलो. आता मी वीवॅप शिकलो. आता हरणं शक्यच नाही!"

वीवॅप म्हणजे शेअरबाजाराच्या पडद्यावरची एक रेषा. ती त्यांनी शिशिरला टोमॅटोवर समजावली. "पाय, सकाळी एका बाईनं साठच्या भावानं पावभर टोमॅटो घेतले. मग हॉटेलवाल्यानं चाळीसनं दोन क्विंटल उचलले. दिवसाची सरासरी किती?"

"पन्नास."

"हट्! चाळीसच्या जवळ! ज्या भावाले जास्त माल गेला, त्या भावाचं वजन जास्त. हेच वीवॅप. भाव रेषेच्या वर, तं घ्यायचं. खाली, तं पळायचं!"

अडचण एकच होती. मागच्या नुकसानीनंतर यामिनीबाईंनी त्यांना देवापुढे उभं करून शपथ घ्यायला लावली होती. पुन्हा शेअरला हात लावला, तर पेन्शनचं एटीएम कार्ड कायमचं बाईंच्या पर्समध्ये! म्हणून दोघा मित्रांनी शेअरना नातेवाइकांची नावं दिली होती. एका जागी टिकत नाही, तो 'सचिन'. आणि हलता हलत नाही, पण एकदा निघाली की कोणाला आवरत नाही, अशी ती लोखंडाची जड कंपनी म्हणजे 'गोदूआत्या'. तात्यापाऱ्यातल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या खऱ्या गोदूआत्या अगदी तशाच!

दहा पंचविसाला त्या लोखंडानं रेषा ओलांडली. चारुदत्तरावांनी लगेच खरेदी केली आणि दबका आवाज विसरून ओरडले, "शिशिर! गोदूआत्या वर गेली! सकाळपासून लटकून होती, आता पक्की वर गेली!"

मागे चहाचा कप फुटला.

"अगं बाई!" दारात यामिनीबाई. "गोदूआत्या?"

चारुदत्तरावांनी तोंड उघडलं. आत्या गेल्या नाहीत म्हणावं, तर मग वर कोण गेलं? त्याला उत्तर एकच होतं, आणि त्या उत्तरामागे एटीएम कार्ड होतं. तोंड मिटलं.

"केव्हा हो?"

"दहा... दहा पंचविसाला."

"त्रास नाही ना झाला?"

"नाही. एका झटक्यात."

"झटका आला!" म्हणत यामिनीबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि मोठ्या जाऊबाईंना, सत्यभामावहिनींना फोन केला. इतरांनी पन्नास फोन केले असते तरी बातमी रेंगाळली असती. पण वहिनींचा एक फोन म्हणजे दोन क्विंटल माल! अर्ध्या तासात रायपुरातल्या समस्त मराठी नातेवाइकांची सरासरी एका बाजूला झुकली. आत्यालाच फोन करून खात्री करावी, असं कोणाच्या मनात आलं नाही. मेलेल्या बाईला फोन कोण लावणार?

साडेअकराला तात्यापाऱ्याच्या गल्लीत अकरा माणसं शिरली. सर्वांत पुढे चारुदत्तराव, दोन्ही हातांवर पांढऱ्या फुलांचा भलामोठा हार तोलत. मागे वहिनींचा हुंदका तयारीत.

आणि दारात गोदूआत्या! भाजीवालीशी भांडत होत्या.

"ही लाल भाजी हाय का गवत? अन् वीस रुपये काहून?" त्या वळल्या. "अगं माय! एवढे जण? कोण गेलं रे चारू?"

वहिनींनी हुंदका गिळला, तो उचकी होऊन बाहेर आला.

"कोणी नाही, आत्या," चारुदत्तराव म्हणाले. "तुमचा... वाढदिवस!"

"माझा वाढदिवस माघात असते. अन् पांढरा हार?"

तेवढ्यात चारुदत्तरावांच्या खिशात फोन वाजू लागला. हात हारात गुंतलेले. नातेवाईकच अंत्ययात्रेची वेळ विचारत असतील, आपणच त्यांना थांबवावं, म्हणून मुलगी ईरा धावली. "पापा, मैं देखती हूँ!" तिनं फोन काढून स्पीकरवर टाकला.

"चारूभाऊ!" शिशिर किंचाळला. "गोदूआत्या रेषेच्या खाली गेली! काही दम नाही आता तिच्यात! विकून टाका जल्दी, नाही तं घरात पडून राहीन!"

भाजीवालीनं टोपली उचलली आणि चालू लागली.

आता स्फोट होणार म्हणून चारुदत्तरावांनी डोळे मिटले. स्फोट झाला नाही. उघडून पाहतात तो यामिनीबाई हाराची फुलं मोजताहेत, ईरा चपलेचा अंगठा न्याहाळतेय, वहिनी विजेच्या तारेवरचा कावळा बघताहेत. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नाही! म्हणजे शेअरचं सगळ्यांना ठाऊक होतं, ठाऊक नव्हती ती फक्त ही नावं! शिवरात्रीला त्यांनी बाल्कनी धरली, तेव्हापासून ठाऊक होतं. निवृत्तीनंतर हा माणूस दिवसातून तेवढाच एक तास ताठ मानेनं उभा राहतो, हे पाहून यामिनीबाई कढईशीच बोलत राहिल्या होत्या.

गोदूआत्यांनी सर्वांकडे एकदा पाहिलं. मग त्या पायरीवर बसल्या.

"मले कितीले घेतलं होतं रे?"

"एकशे बाराला," चारुदत्तराव पुटपुटले.

"अन् आता कितीची आहो मी?"

ईरानं फोनकडे पाहिलं. "एक सौ चार."

"अन् ते रेषा का काय, ते कुठं आहे?"

"एकशे आठला," चारुदत्तरावांचा चेहरा क्षणभर उजळला. "पाहा आत्या, वजन धरून काढलेली सरासरी असते ती. ती कधी चुकत नाही!"

आत्यांनी त्यांच्या हातातला हार हळूच काढून घेतला, बाजूला ठेवला आणि त्यांना जवळ बसवून घेतलं.

"रेषा बरोबर असन, बाप्पा," त्या म्हणाल्या. "तुलेच जमत नाही."