बारदान्यावरची झोप

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलचा ब्लॉग अमरेश आणि ऑफिसातले आणखी दोघं-तिघं लिहायचे. कोणती मशीन बंद, सुट्टी कधी, हे कामगारांनी त्यावर वाचायचं. अमरेशचा स्वतःचाही एक ब्लॉग होता. त्यावर तो ढग, ऊन, झोप असल्या बिनकामाच्या गोष्टींबद्दल अगदी जीव ओतून लिहायचा. दोन्ही ब्लॉग एकाच मोबाइलवर, तेव्हा व्हायचं ते एकदाचं झालंच.

जेवण झाल्यावर त्याने लिहिलं, 'गोदामात, तुरीच्या थप्पीमागे, बारदान्याच्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर मी रोज दुपारी झोपतो. झरोक्यातून उन्हाची तिरीप येते. तिच्यात डाळीची धूळ तरंगत राहते, मिलचा आवाज लांब लांब जातो आणि मी अलगद निलंग्याला, आईच्या अंगणात उतरतो...' हे सगळं मिलच्या ब्लॉगवर गेलं.

हिशेबातली रेणुका धावतच आली. "अमरेश, ब्लॉग बघितलास का? कुनीतरी लई भारी लिवलंय!"

"क... कुनी?"

"नाव कुठं हाय? खाली नुसतं 'डाळमिल' हाय. समदे हमाल थप्प्यांमागं डोकावायलेत."

नाव नाही, म्हणजे गुपचूप पुसून टाकलं की सुटलो! पण पुसायला पासवर्ड लागत होता. घाबरलेल्या अमरेशने तो चुकीचा टाकला, आणि पासवर्ड बदलायचा कोड थेट मालकांच्या, अण्णारावांच्या फोनवर गेला. लगेच त्यांचा फोन आला.

"अमरेश, तुझ्या नावानं ह्यो कसला कोड आलाय रे? काय करायलास तू?"

"काई न्हाई, मालक..."

"गोदामात ये."

नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवायचं, या विचारातच अमरेश गोदामात पोहोचला. अण्णाराव बारदान्याच्या ढिगापाशी उभे होते. हमालांना त्यांनी बाहेर पिटाळलं होतं.

"हीच का ती जागा?"

"हाव, मालक. चुकलं. एक डाव माफ करा."

अण्णारावांनी बूट काढले आणि ढिगावर अंग टाकलं. "गोळ्या खाऊन बी डोळ्याला डोळा लागंना झालाय रे. तिरीप कुठंय?"

"जरा डावीकडं सरका, मालक."

अण्णाराव सरकले. ऊन त्यांच्या पोटावर आलं, धूळ तरंगू लागली. इतका निवांत चेहरा मिलमध्ये कोणी पाहिला नव्हता.

"उद्यापास्नं दुपारची तुझी ड्युटी हितंच," ते पेंगुळल्या आवाजात म्हणाले. "कुनी आलं की खोकायचं."

नोकरी वाचली! अमरेशला हायसं वाटलं, आणि त्याबरोबर एक लांबलचक जांभई आली.

अण्णारावांनी एक डोळा उघडला. "आन ड्युटीवर झोपायचं न्हाई हं."