वाशेककाकांच्या सपाता

श्रूजबरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वाशेककाकांकडे आग विझवायला आलेल्या फायर ब्रिगेडलासुद्धा आधी सपाता घालाव्या लागल्या. तशी आग नव्हतीच, केक करपला होता. पण ते आलेल्यांना कुठे माहीत? काका दारात आडवे. "फर्स्ट स्लिपर्स." धिप्पाड माणसं बूट काढून निमूट फुलाफुलांच्या सपातांत शिरली. एकाच्या मापाची मिळेना. त्यानं कोपऱ्यातल्या लाल जोडाकडे हात नेला, तर काका केवढ्यांदा ओरडले. तो जोड हानाचा, त्यांच्या मुलीचा. बिचारा नुसत्या मोज्यांवर हिंडला.

काका मूळचे चेक, पेशानं चित्रकार. जन्मभर लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढली. त्यांचा वाघ सपाता घालतो, राजा घालतो, चंद्रसुद्धा मावळला की घालतो. एका प्रकाशकानं विचारलं म्हणे, माशाला कशाला सपाता? काका म्हणाले, "ही इज ॲट होम."

आम्ही बूट दारात काढतो, म्हणून आमच्यावर त्यांचा फार जीव. त्या जोरावर यंदा मी आमचा घरी केलेला शाडूचा गणपती त्यांच्याकडे रंगवायला दिला. डोळे असे काढले की बघत राहावं. आणि पायांत निळ्या सपाता.

नागपूरहून आलेल्या सासूबाई हबकल्याच. काकांचं म्हणणं, पाहुणा आहे, लाकडी फ्लोअर गार असतं.

"अहो, पण पाय झाकले तर डोकं कुठे टेकवायचं?" सासूबाईंनी विचारलं.

मी ट्रान्सलेट केलं. काकांनी ब्रश घेऊन गणपतीचे पाय मोकळे केले आणि सपाता शेजारी पाटावर रंगवल्या. सासूबाई म्हणाल्या, आता कसं, काढून ठेवल्यासारख्या दिसतात.

विसर्जन बॅकयार्डात, बादलीत. काका बादलीशी उकिडवे बसले होते. आम्ही सगळे 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडलो, तेव्हा त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला.

"अँड ही कम्स?"

म्हटलं, येतो की, दर वर्षी.

तेव्हा कुठे त्यांनी हानाचं सांगितलं. काही वर्षांमागे ख्रिसमसला ती सांता क्लाराहून आली होती. बर्फातून, दमून, बुटांसकट तशीच बापाच्या गळ्यात पडायला धावली. काकांनी आधी लाल सपातांकडे बोट दाखवलं. झालं, शब्दाला शब्द वाढला आणि पोरगी त्याच टॅक्सीनं परत गेली. ती पुन्हा आलीच नाही. असा राग आला मला त्यांचा, आणि डोळेही भरून आले.

गणपतीचे पाय पाण्यात विरत होते. काकांनी फोन काढला. तिनं उचलला नाही, म्हणून मेसेज ठेवला.

"हाना, नेक्स्ट इयर कम सून." मग बादलीकडे बघत थांबले. "विथ बूट्स. आय विल मॉप."