उजव्या दिव्याचं मौनव्रत

रेणुकादास कंधारकर स्वतःविषयी फारसं बोलत नसत. त्यासाठी त्यांनी कार्ड छापून घेतलं होतं. ‘रेणुकादास कंधारकर, खासगी गुप्तहेर. नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची, पावलं मांजराची.’ एवढे प्राणी आणि अवजारं एकाच माणसात राहत असल्यामुळे घरात जागा कमी पडते, असं त्यांच्या पत्नीला, सौदामिनीबाईंना, अधूनमधून वाटे. पण त्या बोलत नसत. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘सहायक : सौ.’ असं छापलं होतं, आणि ते सौ. म्हणजे आपणच, हे त्यांनी समजून घेतलं होतं.

तीस वर्षं नांदेडच्या एका शाळेत ग्रंथपाल होते रेणुकादास. निवृत्त झाले आणि मुलगी मुग्धा हिच्या कोचिंगसाठी बिऱ्हाड लातूरला आलं. खाली घरमालकीण गंगम्मा राहायच्या, कोचिंगच्या पोरांना डबे द्यायच्या. वरच्या मजल्यावर गुप्तहेर खातं.

सौदामिनीबाईंची आई मुखेडला एकटी राहायची. एसटीने जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागत, आणि रेणुकादासांच्या गाडीने जायचं तर गाव बदलायची भीती. गेल्या खेपेला एका संशयास्पद जीपच्या मागे लागून ते मुखेड ओलांडून थेट बिलोलीला पोचले होते. जीपमध्ये कोंबड्या निघाल्या. आईने दुपारसाठी केलेलं वरण संध्याकाळी तिसऱ्यांदा गरम झालं. त्याच दिवशी सौदामिनीबाईंनी देवापुढे हात जोडले आणि बोलल्या, गाडी मी शिकते, आणि लायसन्स हातात येईपर्यंत चहात साखर घालत नाही.

सहा महिने बिनसाखरेचे गेले. पहिल्या चाचणीत सिग्नलऐवजी वायपर सुरू झाला. दुसऱ्या चाचणीत सिग्नल बरोबर दिला, पण बाजूचा जुना दिवा इतका पिवळट आणि मंद की आरटीओच्या साहेबांना उन्हात दिसलाच नाही. साहेब कडुलिंबाच्या सावलीत उभे राहत, म्हणजे गाडीच्या नेमके उजव्या अंगाला. आता सोमवारी तिसरी चाचणी होती आणि मंगळवारी लर्निंगची मुदत संपत होती. चुकलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, साखर धरून.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी रेणुकादासांनी बाजारातून बाजूच्या सिग्नलसाठी दोन एलईडी आणले. करंगळीच्या पेराएवढे, पांढरेशुभ्र, एका अंगाला बारीक अक्षरं.

“याचं तोंड कुठलं समजायचं?” त्यांनी विचारलं.

“अक्षरं आहेत ते,” सौदामिनीबाई म्हणाल्या. “आणि अहो, दिव्याचं तोंड दक्षिणेला करू नका. उद्या शनिवार आहे.”

गाडी उत्तरेला नाक करून उभी होती. रेणुकादासांनी डावा दिवा अक्षरं उत्तरेला करून बसवला, उजवाही अक्षरं उत्तरेला करूनच बसवला, आणि सिग्नल लावला. डावा असा लखलखला की गंगम्मांचं मांजर पळालं. उजवा गप्प. मागचा-पुढचा सिग्नल नीट, मधलाच गप्प.

“घातपात,” रेणुकादास समाधानाने म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांनी गाडीभोवती दोरी बांधली. दोरी म्हणजे देवघरातला नाडा. मिस्त्रीला बोलवू या, असं सौदामिनीबाईंनी सुचवलं, तर म्हणाले, “घटनास्थळी परका माणूस नको. पुरावे पुसले जातात.” मग सौदामिनीबाईंना घेऊन ते सरळ ड्रायव्हिंग स्कूलच्या बसवंताकडे गेले.

“शुक्रवारी संध्याकाळी तू कुठं होतास?”

“तुमच्याच गाडीत, काका. काकूंना रिव्हर्स शिकवून राहिलो होतो.”

“म्हणजे गाडीजवळ होतास. लिहून घे, सौदामिनी.”

सौदामिनीबाईंनी लिहून घेतलं. उपवासाच्या दिवशी खोटं लिहायचं नाही म्हणून पुढे ‘आम्हीही होतो’ असंही लिहिलं.

घरी आल्यावर त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली. नाड्याखालून वाकून त्यांनी डावा दिवा उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. तोंडं अर्थातच उत्तरेला. पुन्हा डावी बाजू लखलख, उजवी काळोखी. हे ऐकल्यावर रेणुकादासांनी संशयितांच्या यादीतून दोन्ही दिवे खोडले.

“दोन्ही दिवे निर्दोष आहेत,” ते म्हणाले. “बाजूच गुन्हेगार आहे.”

“बाजूला कसं पकडणार?”

“रंगेहाथ.”

रंगेहाथ म्हणजे ज्वारीचं पीठ. निजायच्या आधी त्यांनी गाडीच्या उजवीकडे पावशेर पीठ भुरभुरवलं, आणि रविवारी सकाळी भिंग घेऊन उकिडवे बसले. पिठात चपलेचे ठसे होते, स्पष्ट, ओळीने.

“माणूस नऊ नंबरची चप्पल घालतो. डाव्या टाचेवर जास्त भार देतो. आत्मविश्वास दांडगा आहे.”

सौदामिनीबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. टाच पांढरी होती.

“अहो, पीठ टाकून झाल्यावर तुम्ही गेलात कुठून?”

“मला गुंतवायचा डाव आहे,” रेणुकादास हळू आवाजात म्हणाले. “माझ्याच मापाची चप्पल घालून आलाय.” आणि धक्का बसल्यासारखे एक पाऊल मागे सरले. पायाखाली कुडुम कुडुम आवाज झाला. जुने पिवळट दिवे पुरावा म्हणून तिथेच मांडून ठेवले होते.

आता जुन्या दिव्यांकडे मागे जायची वाटही उरली नाही. सौदामिनीबाई पायरीवर बसल्या. चिडणं त्यांना जमत नसे, पण डोळे भरून यायचे. आईला त्या फोनवर सांगून बसल्या होत्या, मंगळवारी मीच गाडी घेऊन येते, तू फक्त चहा ठेव.

मुग्धा वरच्या खिडकीत पुस्तक घेऊन उभी होती. रेणुकादासांनी तिचीही चौकशी केली.

“बाबा, मला आज शंभर प्रश्न सोडवायचेत. तुमचा एकशे एकावा धरते.”

शेजारच्या पायरीवर गंगम्मा आपली बॅटरी उघडून बसल्या होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपात औश्याकडचं त्यांचं घर पडलं, तेव्हा अंधारात माणसं नावानं हाका मारून शोधावी लागली. तेव्हापासून उशाशी बॅटरी, आणि दर रविवारी तिचे सेल काढून, पुसून, परत घालायचे, हा त्यांचा नेम. तीस वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

“दादा, तेवढं पीठ झाडून घ्या,” त्या म्हणाल्या. “दोन भाकरीचं हाय. ताई, तुम्ही कामून रडायल्या?”

सौदामिनीबाईंनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता गंगम्मांनी सेल घातले, झाकण फिरवलं, बटण दाबलं. बॅटरी लागली नाही.

“बघा, बोलण्यात ध्यान गेलं.” त्यांनी एक सेल काढला, उलटा करून घातला. बॅटरी लागली. भर उन्हात त्यांनी ती हातावर मारून खात्री केली. “तुमचा बी उलटा बसला असंल. फिरवून बघा की.”

“पण मग त्याचं तोंड दक्षिणेला होतंय, काकू.”

गंगम्मांनी गाडीकडे पाहिलं, मग सौदामिनीबाईंकडे.

“उद्या गाडी वळवशीला, तवा तोंड कुठं जाईल?”

सौदामिनीबाई उठल्या. नाडा ओलांडला, देवाची मनात क्षमा मागितली, उजवा दिवा काढला, फिरवून बसवला. सिग्नल लावला. टिक टिक टिक. उजवी बाजू इतकी उजळली की सांडलेल्या पिठाचा कण न् कण दिसला.

“डायोड,” खिडकीतून मुग्धा म्हणाली. “उलटा लावला की करंट जात नाही. परवाच धडा झाला.”

“मग दोन दिवस बोलली का नाहीस?”

“पर्याय दिले नव्हते कुणी.”

रेणुकादासांनी भिंग खिशात ठेवलं. “माझा पहिल्यापासून संशय होता,” ते म्हणाले, “की प्रकरणात कुणीतरी फिरलेलं आहे.”

सोमवारी साहेब कडुलिंबाखाली उभे होते. उजवा सिग्नल लागल्याबरोबर त्यांनी डोळ्यांवर हात धरला. “दिसला, दिसला. बंद करा आता, बाई.”

परवान्याचं कार्ड टपालाने येणार होतं, पण पास झाल्याचं सरकारी शब्दांत मोबाइलवर आलं होतं; मोबाइल हातात म्हणजे लायसन्स हातात, असं देवाला सांगून झालं होतं. मंगळवारी सौदामिनीबाई मुखेडच्या वाटेला लागल्या. रेणुकादास शेजारी. गावात शिरताना बाजूने एक जीप भरधाव पुढे गेली, ताडपत्रीखाली काहीतरी हलत होतं.

“सौदामिनी, तिच्या मागे घे. ताडपत्री बघ.”

सौदामिनीबाईंनी शांतपणे आरसा पाहिला, उजवा सिग्नल दिला, आणि आईच्या गल्लीत वळल्या. जीप सरळ बिलोलीकडे गेली.

आई दारात उभी होती. चहाचं भांडं चुलीवर चढलेलंच होतं.

“साखर अजून बंद का गं?” तिने विचारलं.

“दोन चमचे घाल,” सौदामिनीबाई म्हणाल्या. “आणि यांनाही घाल. एक जीप सोडून आलेत.”