आदर्श बंदुकीची सत्तावीस कलमं

माणसाचं मोठेपण जवळ काय आहे यावरून ठरत नाही. नसलेल्या गोष्टीबद्दल तो किती बारकाईनं बोलू शकतो यावरून ठरतं. या कसोटीवर आमच्या गावाचं बंदूकशौकीन मंडळ परभणी जिल्ह्यात पहिलं यायला हरकत नाही. (दुसरं मंडळच नसल्यामुळे स्पर्धा सोपी आहे, पण त्यानं मान कमी होत नाही.)

मंडळाची बैठक चुडाव्याच्या रस्त्याला नागनाथमामांच्या हॉटेलात सकाळी नऊला बसते आणि दिवेलागणीला उठते. अधिकृत आकडेवारी अशी: सदस्य नऊ. बंदुकीचा परवाना असलेले एक, उमाजीआबा. बंदूक जवळ असलेले शून्य, कारण आबांची बंदूक आचारसंहितेमुळे ठाण्यात जमा आहे. एक निवडणूक संपते तोवर दुसरी लागते. त्यामुळे बंदुकीचं सासर ठाणं झालंय आणि आबांकडे ती माहेरपणाला येते, चार दिवस. आबांनी ती आयुष्यात एकदाच उडवली, दसऱ्याला, आभाळात. आभाळ थोडक्यात वाचलं.

मी रेणुका, दहावी ब. मंडळाची सचिव. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून मला कुणालाही काहीही पटवून देता येतं, आणि माझं अक्षर छापल्यासारखं आहे. पण ही नेमणूक झाली आमच्या आजीमुळे.

झालं असं, की आमच्या वीस गुंठ्यांतला भुईमूग काढणीला आला होता. आमचे वर्षाचे शेंगदाणे, तेल, पुढचं बियाणं, सगळं त्यातच. वानरांचं टोळकं दहा ते पाच या वेळेत तो उपटून खातं. (माझी शाळाही दहा ते पाचच. हजेरी वानरांची चांगली.) राखण आजी करते, सरजाबाई, गोफण घेऊन. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मागच्या आठवड्यात तिनं वानर समजून मंडळाच्या महारुद्रकाकांच्या हेल्मेटला ढेकूळ हाणलं. हेल्मेटच्या आत महारुद्रकाका होते. नेम मात्र अजून पक्का, हे त्यांनीही मान्य केलं.

सोमवारी आई तिला परभणीला ऑपरेशनला नेणार होती, तीन दिवस. बाबा कामाला पुण्यात. म्हणून आजी आदल्या दिवशी आईबरोबर हॉटेलात आली.

"बाबांनो, तुमी नऊजण हाईत. पाळीपाळीनं तीन दिवस रानात बसा. पुढच्या ऐतवारी उपटायचाच हाय."

"मावशी, काळजीच करू नगा," आबा म्हणाले. "पर नुसतं बसून काय व्हतंय? हत्यार पायजे."

"मग आना की."

"ते ठाण्यात हाय."

यावर मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक बन्सीधर सर, घसा साफ करून म्हणाले, "मूळ अडचण अशी आहे, की आपल्याला हवी तशी बंदूक कंपन्या बनवतच नाहीत. आपण मागणी कळवू. रेणुका, वही काढ."

"कळवा की," आजी म्हणाली, "पर रानात बसून कळवा." आणि आईचा हात धरून निघून गेली. (सूचना इतिवृत्तात नोंदवली आहे.)

सोमवारी मी शाळेतून आले तर अकरा कलमं तयार. मंडळ शब्दाला पक्कं. वजन अर्धा किलोच्या वर नको. नागनाथमामांच्या तराजूवर मोजून घेऊ. आवाज असा हवा की वानर पळेल, पण सदस्याची दुपारची झोप मोडणार नाही. गोळी कुणालाच लागू नये, कारण वानर मारणं गुन्हा आहे, पाप आहे आणि शनिवारी तर दोन्ही. माणूस आणि वानर यातला फरक बंदुकीला स्वतःहून कळावा (महारुद्रकाकांची सूचना, पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर). आचारसंहिता लागली की तिनं आपापलं ठाण्यात जावं, निकाल लागला की आपापलं परत यावं, येताना निकालही सांगावा.

हॉटेलातून आमचं रान समोर दिसतं. ही मोठीच सोय होती. अभ्यासाला नमुने डोळ्यांसमोर.

"आबा, वानरं उतरलेत की सरजामावशीच्या रानात," मंगळवारी मी मधल्या सुट्टीत आले तेव्हा नागनाथमामा किटली खाली ठेवून म्हणाले.

"दिसायलंय मला. म्हणून तर घाई चाललीय. पोरी, बारावं घे!"

मला खरं सांगायचं तर लय मजा येत होती. नऊ मोठी माणसं मी पेन उचललं की गप्प बसायची. बुधवारी मी शाळाच बुडवली. राखणीसाठी नव्हे, पक्कं अक्षर काढायला वेळ लागतो. दुपारी उभी राहून सव्वीस कलमं वाचली, वक्तृत्वात वाचतात तशी, हातवारे करून:

"बंदुकीनं रोज स्वतःच रानात जावं. परवाना लागू नये. एका भाकरीवर दिवस काढावा. चाळीस वर्षं दुरुस्ती लागू नये. लांबून 'हाऽऽड' असं ओरडावं. मालकाला चहा पिताना काळजी करावी लागू नये..."

"आरं," नागनाथमामा मधेच म्हणाले, "ही तर सरजामावशीच झाली की!"

नऊही जणांनी आपापल्या कपात पाहिलं. (हेही नोंदवलं आहे.) मग सर म्हणाले, "सत्तावीस: बंदुकीनं उलट बोलू नये." एकमतानं मंजूर. पत्र कोणत्या पत्त्यावर धाडायचं हे ठरवायला तिघांची उपसमिती नेमली आणि टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या आवाजानं रानातली वानरं क्षणभर थबकली. तीन दिवसांतली ही पहिली परिणामकारक राखण.

गुरुवारी आजी आली, काळा चष्मा लावून. आधी रानात गेली. वाकून वेल उचलत गेली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग हॉटेलात आली, चष्मा काढला आणि नऊही जणांकडे एकेक करून बघितलं.

"डाक्टरच्या किरपेनं लय साफ दिसायलंय," ती म्हणाली. "आधी वाटायचं, नागनाथनं बाकड्यावर पोती ठिवलीत."

मग माझ्याकडे वळली. "आन तू गं? तू तर शाळेत व्हतीस न्हवं?"

मी पक्की प्रत पुढं केली. आजीला वाचता येत नाही. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"अक्षर चांगलंय," म्हणाली आणि घराकडे निघाली.

वाचकहो, हसू नका. आचारसंहितेचं कलम वाचताना तुम्हीही मनातल्या मनात एखादं कलम जोडलंत, मला ठाऊक आहे. त्या वेळी वानरं रानात होती, आणि ते मी तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही पुढं वाचत राहिलात. तुमची पात्रता सिद्ध झाली. मंडळानं तुम्हाला बिनविरोध सदस्य करून घेतलं आहे. बैठकीला जरूर या. येताना शेंगा तेवढ्या घरून आणा.