उंदराचा मालक

नवसूदादांच्या समोर नवी वस्तू न्यायची ती विचार करूनच. खोडाळ्याच्या पलीकडच्या शाळेवर मी हजर झाले, त्या आठवड्यात माझी स्कूटर आवारात लावली होती. हे गृहस्थ कुठूनसे आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एक विडी संपेपर्यंत नुसते बघत राहिले. हात लावला नाही. उठताना एवढंच म्हणाले, "बघून घेतली."

महिन्याभराने मी पटनोंदणीसाठी त्यांच्या पाड्यावर गेले, तर दारात माझी स्कूटर उभी! पांगाऱ्याच्या लाकडाची. आरसे, दिवा, किक, सगळं जिथल्या तिथे. माझ्या गाडीला डाव्या अंगाला एक पोचा आहे, नाशकात एका टेम्पोने दिलेला. तोही लाकडात कोरलेला. मी त्या पोच्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"पण सेम नाय हां बाई," नवसूदादा घाईघाईने म्हणाले. "थोडा फरक केलाय."

फरक असा, की नंबर प्लेटवर नंबराऐवजी बैल काढला होता.

"बघून घेतलं" आणि "थोडा फरक केलाय." या माणसाचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आहे. शाळा नाही, फूटपट्टी नाही, कागद-पेन्सिल नाही. जे एकदा डोळ्यांत गेलं, ते कधी ना कधी हातांतून बाहेर पडणार.

आणि मग मी त्यांचं मजालँड पाहिलं.

सूर्यमाळच्या रस्त्याला एक वळण आहे. डावीकडे खाली नागलीची उतरती वावरं, वर रान. थंडीची सकाळ होती, दरीतून धुकं वर येत होतं. त्या धुक्यातून आधी एक निमुळता मनोरा निघाला, मग दुसरा, मग तिसरा. पांढराशुभ्र राजवाडा! परदेशातल्या त्या जगप्रसिद्ध बागेच्या जाहिरातीत असतो ना, अगदी तसा. मी गाडी बंद केली आणि बघत राहिले. जव्हारचा राजवाडा मी पाहिला होता, पण तो तिथे असणार हे ठाऊक असतं. हा इथे, नवसूदादांच्या वरकस जमिनीत, कारवीच्या कुडावर माती-शेण लिंपून आणि वर चुना फासून उभा होता. भिंतींवर पाड्यावरच्या बायकांनी तांदळाच्या पिठाने तारपा नाच काढला होता. हा अर्थातच थोडा फरक.

फाटकावर नवसूदादांची बायको कमळीबाई बसलेली. तिकीट? एक बाटली पाणी. उन्हाळ्यात इथल्या बायकांची निम्मी सकाळ हंडे वाहण्यात जाते, आणि आतल्या पुतळ्यांचं सिमेंट म्हणजे पाणी पिणारं जनावर. त्यामुळे मुंबई-नाशकाचे पाहुणे आले की त्यांच्या गार बाटल्या कमळीबाई पिंपात ओतून घ्यायची आणि रिकामी बाटली सन्मानाने परत करायची.

आत गेल्यावर पहिलं बदक. खलाशाचा सदरा घातलेलं. मूळच्या बदकाला खाली काही नेसवायची पद्धत नाही म्हणे, पण कमळीबाई कडाडली होती, "पोरीबाळी येतात, उघडा काय उभा करतोस?" म्हणून त्याला लंगोटी. पुढे गळ्यात घंटा बांधलेलं, पोटाला खिसा असलेलं निळं मांजर. त्या खिशात दयाळ पक्ष्याच्या जोडीने घरटं केलेलं. वर मोहाच्या झाडावर, अंगभर जाळीचा लाल-निळा पोशाख केलेला एक वीर लटकत होता.

"हा काय करतो?"

"मध काढतो," नवसूदादा म्हणाले. "रिकामा कशाला लटकेल?"

मधोमध आकाशपाळणा. बैलगाडीचा जुना आस, ऐनाची लाकडं आणि सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. नवसूदादा एका हाताने फिरवायचे. मी भीत भीत बसले. वर गेले तेव्हा सगळा घाट पायांखाली आला आणि पाळण्याचा मात्र कुरकुर आवाजसुद्धा नाही. समतोल कसा साधला, विचारलं तर म्हणाले, जत्रेत एकदा खाली बसून बघून घेतला होता.

आणि राजवाड्याच्या दारात, सगळ्यांत मोठा, दोन पुरुष उंच, उंदीर. गोल कान, लाल चड्डी, पांढरे हातमोजे, दोन्ही हात खाली झुकवून पसरलेले. बाकी सगळ्यांत थोडा फरक होता. उंदरात मात्र रेघेचाही नव्हता.

कुणातरी पाहुण्याने या सगळ्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. तो फिरत फिरत कुठे कुठे गेला कोण जाणे. पावसाळा संपल्यावर नवसूदादा शाळेत हजर. हातात लांबट लिफाफा, अंगात धुतलेला सदरा.

"बाई, मुंबईच्या मोठ्या हापिसाचं पत्र आलंय. इंग्रजीत हाये. आपलं काम पसंत पडलं वाटतं."

मी वाचलं. परदेशातल्या बड्या कंपन्यांच्या वतीने वकिलांनी पाठवलेली नोटीस होती. आमच्या मालकीच्या पात्रांची विनापरवाना नक्कल केली आहे, ती ताबडतोब हटवावी, नाहीतर कोर्ट. मी जमेल तितक्या हळू आवाजात समजावून सांगितलं. नवसूदादांनी रिकामा लिफाफा उलटसुलट करून पाहिला.

"उंदराला मालक हाये?"

"हो."

"दर साली माझं भात खातात उंदीर. तवा हा मालक कुठं असतो?"

मी नोटीस पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. भाताबद्दल तीत काही नव्हतं.

मी त्यांच्या वतीने पत्र लिहिलं, की माणूस गरीब आहे, धंदा नाही, येऊन पाहावं. आणि खरोखरच एक दिवस पांढरी गाडी वळणावर थांबली. उतरली ती तिशीतली वकीलबाई. कमळीबाईने तिचीही बाटली पिंपात ओतून घेतली. वकीलबाई फाटकातून आत आली, वर बघितलं आणि माझ्यासारखीच थांबली. हातातली फाईल उघडायची ती विसरली. मग भानावर येऊन विचारलं, "दादा, तुमच्याकडे चित्रं कुठली होती? पुस्तकं? इंटरनेट?"

"नाय. बघून घेतलं."

"पण उंदीर? तो तर अगदी तंतोतंत आहे."

"तो बघितला नाय," नवसूदादा म्हणाले. "त्याच्या आत होतो."

ही गोष्ट मलाही नवी होती. मुंबईच्या अलीकडे पूर्वी एक बाग होती, पाळण्यांची आणि पुतळ्यांची. तीही विनापरवानाच नक्कल. पुढे बंद पडली. तिथे नवसूदादा सहा वर्षं उंदराच्या पोशाखात होते. लहानपणापासून बोहाड्यात, मुखवट्यांच्या जत्रेत, देवांची सोंगं नाचवलेली, त्यामुळे जड मुखवटा घालून दिवसभर उभं राहायची सवय होती.

"म्हणजे नकलेची नक्कल," वकीलबाई पुटपुटली.

"ताई, आमच्या बोहाड्यात गणपती येतो, रावण येतो, देव्या येतात. बापजाद्यांपासून आम्ही बघून करतो. त्यांच्या मालकानं कधी पत्र नाय पाठवलं."

वकीलबाई हसली, पण फाईल फाईलच असते. तिने फिरून यादी केली. राजवाडा राहू दे, त्यावर तारपा आहे. पाळणा राहू दे. बदक, मांजर, जाळीवाला आणि उंदीर मात्र ओळखू येता कामा नयेत. महिन्याची मुदत. निघताना तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, मी असली शेकडो प्रकरणं बघते. पण असा हात नाही बघितला. एवढं करून घ्या, पुढचं मी सांभाळते."

मग आठ दिवस छिन्नी-हातोड्याचा आवाज थांबला नाही. बदकाची चोच लांब केली, पाय उंच केले, बगळा झाला, लंगोटी तशीच. जाळीवाल्याच्या अंगावर सदरा चढला, तो नुसता मध काढणारा झाला. निळ्या मांजराला पिवळा रंग आणि काळे पट्टे दिले, दयाळांची पिल्लं उडाल्याची खात्री करून खिसा बुजवला. त्याचा वाघ झाला. दुसऱ्या सकाळी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी येऊन वाघोबाला शेंदूर लावला, नारळ फोडला. फोटो पाठवले तेव्हा वकीलबाईचा उलट फोन आला, "मांजराचं प्रकरण मी बंद करते. देवाला नोटीस काढता येत नाही."

राहिला उंदीर. त्याला हात लावायला दादा तयार होईनात. मुदत संपायला तीन दिवस उरले. कमळीबाई माझ्याकडे आली. "तुम्ही बोला. माझं ऐकंत नाय. भाकर पण नीट खात नाय."

शाळा सुटल्यावर मी गेले. दादा उंदराच्या पायाशी टेकून बसले होते. मी वकिली मुद्दे मांडायला लागले, तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"जयवंती ठावं ना तुम्हाला?"

जयवंती त्यांची एकुलती एक मुलगी. नाशिकला इस्पितळात नर्स आहे, लग्न झालंय.

"ती लहान होती तवा मी कायम बाहेर कामाला. काय काम, ते तिला ठावं नव्हतं. पावसाळ्यात लावणीला घरी यायचो. ती मला पाव्हणा समजायची. आईच्या लुगड्यामागं लपायची. हाक मारली तं रडायची. मंग आश्रमशाळेत घातली, तवा तं भेटच नाय." त्यांनी विडी काढली आणि नुसती बोटांत धरली. "एकदा बागेत सहल आली. निळ्या कपड्यांतली पोरं, रांगेनं. उंदराच्या तोंडात जाळी असते, तिच्यातून दिसतं. चौथी माझी जयवंती. हनुवटीवर उखळावर पडल्याची खूण."

दादांनी मान वर करून उंदराच्या पोटाकडे बघितलं.

"धावत आली, बाई. आन् मिठी मारली. दोन्ही हातांनी. पोटावर डोकं ठेवलं. मंग वर बघून विचारलं, तुला आत गरम नाय होत का? सहा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. बोलायची बंदी होती. बोललं का काम गेलं. मी मान हलवली. नाय म्हणून."

"नंतर सांगितलं तिला?"

"काय सांगू? ती मिठी उंदराला होती. सांगितलं आन् परत लपली तं?"

एवढं बोलून ते उठले. शिडी लावली आणि मला म्हणाले, "धरा." वर चढले. कानावर छिन्नी ठेवली. पहिला घाव घालायला त्यांना इतका वेळ लागला, की माझे हात शिडीला चिकटल्यासारखे झाले. मग मात्र थांबले नाहीत. कान गेले, नाकाड गेलं. पुढचे दोन दिवस ओल्या सिमेंटवर काम चाललं. मुदतीच्या दिवशी राजवाड्याच्या दारात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, डोक्याला फडकं, गालफडं बसलेली. कुणाकडे बघून केलं, ते विचारायची गरज नव्हती. हात मात्र तसेच पसरलेले. त्यांना दादांनी छिन्नी लावली नव्हती.

उन्हाळ्यात बोहाड्यासाठी जयवंती माहेरी आली. दुपारी मी सहज गेले होते. ती पुतळ्यासमोर उभी राहून हसत होती.

"काय हो बाबा, जित्या माणसाचा पुतळा करतात का?"

"जागा रिकामी होती," दादा म्हणाले.

"इथं उंदीर होता ना?" तिने सिमेंटच्या हातावर हात ठेवला. "मला तो लय आवडायचा. शाळेच्या सहलीला एका बागेत गेलो होतो, तिथं पण असाच होता. मी त्याला मिठी मारली होती. तुम्हाला कधी सांगितलंच नाय."

कमळीबाईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"सांग की," दादा म्हणाले.

"मी त्याला विचारलं, गरम होतंय का. त्यानं मानेनं नाय सांगितलं. पण खोटं, बाबा. आतून घामाचा वास येत होता. विडीचा पण." तिने सिमेंटच्या पंज्यावरून बोट फिरवलं. "आपल्या घरचा असतो ना, तसाच. मला सोडवेचना. सहलीच्या बाई ओरडल्या तवा सोडलं."

दादा तिच्याकडे बघत होते. उकिडवे बसून, पापणी न हलवता.

"मंग?" ते म्हणाले. "मंग पुढं काय झालं?"