डोमाजीचा गाल

नव्या भिंतीला गाल लावून डोळे मिटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डोमाजी मिस्त्री. भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याच्या लोकांसाठी रोज नव्या क्वार्टरांची ओळ उठत होती. दारं-खिडक्या न बसलेल्या त्या घरांतून दुपारचं ऊन आरपार वाहायचं आणि आत कुठेतरी डोमाजी भिंतीला टेकून, झोपेत हसल्यासारखा उभा असायचा. हाताला घट्टे पडले की हात फसतो, गाल फसत नाही, असं त्याचं म्हणणं.

भंडाऱ्याकडची शेती भावावर सोपवून तो इथे रंगारी झाला होता. गिलावा पुरता वाळल्याशिवाय ब्रशला शिवायचा नाही. मग फुलून आलेला पांढरा खार झाडायचा, दगडाने खडबड घासायची, भेगांत लांबीचा लगदा भरायचा, अस्तर द्यायचं. रंग सगळ्यात शेवटी, तोही नाइलाज झाल्यासारखा. इंजिनीअरसाहेबांनी घाई केली तर म्हणायचा, "तुमीच गाल लावून पाहा, जी." साहेब टाय सावरत निघून जात.

मला सेक्टर दहामध्ये क्वार्टर मिळालं. नवी नवरी नागपुरात माहेरी वाट पाहत होती आणि मी शहाण्याने तिला पत्रातून निळ्या भिंती कळवूनही टाकल्या होत्या. भिंती अजून राखाडी. डोमाजीने चारींना गाल लावला.

"पाणी पिऊन राहिली, बाबू. पंधरा दिवस थांबा."

बायको आठ दिवसांत येणार होती. तेव्हा मी डोकं चालवलं, आणि माझं डोकं चाललं की काय होतं ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. खोलीत दोन शेगड्या पेटवल्या. दोन दिवस भिंतीला पंख्याने वारा घातला. आजारी सासऱ्यालाही कुणी एवढा घालत नसेल. मग गाल लावला. ठणठणीत कोरडी. स्वतःच निळा ऑइलपेंट फासला.

बायको आली, खूश झाली. चौथ्या दिवशी भिंतीला कांजण्या आल्या. ती एकेक फोड बोटाने दाबायची आणि खुदकन हसायची. मी मान खाली घालून डोमाजीचं घर गाठलं.

एवढी घरं रंगवणाऱ्याच्या स्वतःच्या भिंती घर मिळून तीन वर्षं झाली तरी कोऱ्या राखाडी होत्या. फळीवर रंगाचा एक डबा, झाकण न उघडलेला. मी सगळं कबूल केलं, शेगड्यांसकट. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

त्याने एवढंच विचारलं, "बाई आली ना घरी?"

"आली."

"मंग फोडाचं काय घेऊन बसले? खरडून काढू."

मग तो आपणहून बोलू लागला. त्याचीही बायको गावाहून यायची होती. तिला दमा, ओल्या घरात कशी आणायची, म्हणून दर पत्रात त्याने 'भिंत वाळू दे' एवढंच लिहवून घेतलं. त्याच पावसाळ्यात ती गावीच तापाने वारली. "तिले पिवळा रंग पायजे होता," म्हणाला आणि डब्याकडे पाहिलं नाही.

मग उठून त्याने सवयीने भिंतीला गाल लावला, डोळे मिटले. बाजूला सरून म्हणाला, "तुमी पाहा बरं, बाबू."

मी गाल टेकवला. भिंत खडखडीत वाळलेली, संध्याकाळच्या उन्हाने कोमट.

"अजून ओली आहे, डोमाजी."

त्याने मान हलवली. "थांबू मंग," म्हणाला, आणि माझ्या भिंतीसाठी खरवडणी शोधू लागला.